डोळ्यांतून पाणी गळतंय, मग डोळे कोरडे कसे?



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांमधून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. आमच्या विहारातल्या एक उपासिका कित्येक वर्षं हे वाचन करतात. वय पंचावन्नच्या पुढे, आवाज खणखणीत. मागच्या एका वर्षावासात मात्र दहा मिनिटं झाली की त्यांना अक्षरं पुसट दिसू लागायची. पापणी मिटली की क्षणभर स्पष्ट, मग परत पुसट. डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्या पदर लावायच्या. बसलेल्यांना वाटायचं, ताईंना वाचताना भरून आलं. एकदोघी त्यांच्याबरोबर रडल्यासुद्धा!

ताईंनी चष्मा बदलला. पुन्हा बदलला. नंबर बरोबर होता, त्रास तसाच. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुमचे डोळे कोरडे पडलेत. ताई चिडल्याच. "दिवसभर पाणी पुसून पदर ओला होतोय आणि हे म्हणतात कोरडे!"

त्यांची पुढची हकीकत चांगली नाही, ती शेवटाकडे सांगू. आधी त्यांनी विचारलेला प्रश्न घेऊ, कारण हाच प्रश्न आम्हाला नायगाव, परळ, लालबागच्या चाळींतून बऱ्याच जणींनी विचारला आहे.

आपल्या बुबुळावर सतत आसवांचा एक पातळ थर असतो. हा थर नुसता पाण्याचा नाही. अगदी आत बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत स्राव, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी बारीक पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला, पापणीच्या केसांच्या ओळीमागे तोंड असलेल्या छोट्या ग्रंथींमधून येतं. दर वेळी पापणी लवते तेव्हा हे तेल बुबुळावर पसरतं आणि खालचं पाणी उडून जाण्यापासून वाचतं. ग्रंथींची तोंडं बुजली, तेल घट्ट झालं, की पाणी भराभर उडून जातं. बुबुळ उघडं पडतं, झोंबतं, वाळू गेल्यासारखं टोचतं. मेंदूला वाटतं डोळ्यात काहीतरी गेलं. तो मोठ्या अश्रुग्रंथीला हुकूम देतो, सोड पाणी. मग भळाभळा पाणी येतं, पण त्यात तेल नसतं, बुळबुळीतपणा नसतो. ते बुबुळावर टिकत नाही, गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडा. ताईंचा पदर ओला आणि डोळे कोरडे, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

दुसऱ्या प्रकारात मुळात पाणीच कमी तयार होतं. बऱ्याच जणांत दोन्ही प्रकार थोडे थोडे असतात.

दमट मुंबईत हे कशाला होईल?

ही शंकाही रास्त आहे. मे महिन्यात अंगावरचा सदरा पिळून काढावा लागतो, त्या शहरात डोळे कोरडे? पण आपण दिवसाचे किती तास मुंबईच्या हवेत असतो, ते पाहा.

आमच्या आजोबांच्या पिढीतले पुष्कळ जण गिरणीत होते. गिरणीतही अस्पृश्यता होती, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. नवी कांडी लावताना धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेलं सूत सवर्ण विणकराला चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला. तोवर आणि नंतरही आपली माणसं बहुतेक रिंग खात्यात, कापसाच्या उडत्या तंतूंमध्ये. आजोबा घरी आले की आधी डोळे धुवायचे. लाल डोळे ही गिरणी कामगाराची ओळखच होती म्हणा ना.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या, आणि त्याच जमिनींवर आता लोअर परळमध्ये काचेचे टॉवर आणि मॉल उभे आहेत. आपली मुलं-मुली तिथेच कामाला जातात. कोणी हाऊसकीपिंगला, कोणी सिक्युरिटीला, कोणी कॉल सेंटरला, कोणी बिलिंगच्या काउंटरवर. कापूस गेला, एसी आला. एसी हवा थंड करतो तेव्हा तिच्यातलं पाणीही काढून घेतो. बाहेर पाइपातून ठिबकत असतं ते तेच. आठ-नऊ तास अशा हवेत, त्यात नजर कॉम्प्युटरवर. शांत बसलेल्या माणसाची पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवते. स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. शिवाय अर्धवटच मिटते. म्हणजे तेल पसरवणारा हातच थांबला. हाऊसकीपिंगच्या बायकांना तर फिनेल आणि ॲसिडची वाफ वेगळी.

जे बाहेर काम करतात त्यांची गत निराळी. सफाई कामगार झाडू मारतात तेव्हा धूळ थेट डोळ्यांत येते. जेवण पोचवणारी पोरं हेल्मेटची काच वर करून गाडी पळवतात, वारा सरळ बुबुळावर. या मुलांना आमचं सांगणं आहे, काच खाली घ्या. काच खराब झाली असेल तर साधा बिननंबरी चष्मा लावा, फुटपाथवरचा चालेल. सफाई कामगारांना हातमोजे, मास्क मिळण्याची मागणी होते. डोळे झाकणारा चष्माही त्या मागणीत घाला.

आणि आपली वस्ती? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. एक चाळ पाडतात, शेजारच्या चाळीत माणसं राहत असतात. नवं घर हवंच आहे, त्याबद्दल दुमत नाही; पण सिमेंटची बारीक धूळ डोळ्यांना जाळते, हेही खरं. पाडकामाच्या बाजूची खिडकी कामाच्या वेळेत बंद ठेवा, खिडकीला ओलं फडकं लावा, आणि पाडकाम-बांधकामावर पाणी मारलं जात नसेल, हिरवं कापड लावलेलं नसेल तर रहिवासी मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीला कोणी दाद देत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव.

घरातल्या घरात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, रात्री जमिनीवर अंथरूण आणि पंखा थेट तोंडावर. काहींच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, त्यांचे डोळे सकाळी उघडताना चिकटल्यासारखे, ओरखडल्यासारखे होतात. पंख्याकडे पाय करून झोपा, बस. दुसरी, धूर. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत मच्छरची कॉइल, बिडी-सिगारेट आणि फोडणीचा धूर एकत्र कोंडतो. कॉइलपेक्षा मच्छरदाणी कधीही बरी. विहारातही वंदनेच्या वेळी दारं-खिडक्या लावून अगरबत्त्यांचा जुडगा पेटवण्यापेक्षा एखादीच लावा, खिडकी उघडी ठेवा. तथागतांच्या मूर्तीपुढे फुलं आणि मेणबत्ती आहेच की.

अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी

एमपीएससीचा, दहावी-बारावीचा अभ्यास करणारी मुलं घरात जागा नाही म्हणून रात्री अभ्यासिकेत बसतात आणि दिवसा कॉटवर पडून मोबाइलवर लेक्चर बघतात. एक मुलगी आमच्याकडे घाबरून आली होती. डोळे सारखे जळतात, संध्याकाळी दिसत नाही, आपण आंधळ्या होणार, अभ्यास सोडते म्हणाली. तपासणीत कोरडेपणाच निघाला. कोरड्या डोळ्याने साधारणपणे माणूस आंधळा होत नाही. खूप तीव्र असेल आणि दुर्लक्ष केलं तर बुबुळाला जखम होऊ शकते, पण अशा मुलांची गोष्ट बहुधा तिथवर जात नाही. तिचा अभ्यास चालू आहे.

मोबाइल डोळ्यांच्या वर धरून बघू नका. नजर वर असली की डोळा जास्त उघडा राहतो आणि जास्त सुकतो. पुस्तक किंवा स्क्रीन डोळ्यांच्या किंचित खाली असावी. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, असं डॉक्टर सांगतात. आता आपल्या खोलीची भिंतच वीस फुटांवर नसते! तर उठा, चाळीच्या मधल्या पॅसेजमध्ये किंवा गॅलरीत या, दुसऱ्या टोकाच्या दाराकडे बघा आणि दहा वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटून उघडा. वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे. एवढ्यानेही फरक पडतो.

कारण कधी कधी डोळ्याबाहेर असतं

पाळी थांबल्यानंतर बायकांमध्ये कोरडेपणा वाढतो. आमच्याकडे विचारणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त आहेत, आणि त्या सगळ्यांनी आधी वर्ष-दोन वर्षं अंगावर काढलेलं असतं. त्याबरोबर सांधे सुजत असतील, सकाळी बोटं आखडत असतील, तोंडही कोरडं पडून भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली याच जोडीवर सविस्तर लिहिलं आणि त्यांच्याच नावाने तो आजार ओळखला जातो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. तिथे नुसत्या थेंबांनी भागत नाही, रक्ताची तपासणी लागते. थायरॉइडचंही तसंच.

मधुमेहाने बुबुळाच्या बारीक नसा बधिर होतात, डोळ्याला कोरडेपणा कळेनासा होतो, पाणी कमी सुटतं. पण मधुमेह असलेल्यांनी एवढ्यावर थांबू नये. डोळ्याच्या आतला पडदा वर्षातून एकदा थेंब टाकून, बाहुली मोठी करून तपासून घ्यावा. परळच्या बी.आय.टी. चाळीत रात्र रात्र वाचणाऱ्या बाबासाहेबांनाही पुढे मधुमेहाने गाठलं, आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर मंदावली होती. आज पडद्यावर जे उपचार आहेत ते तेव्हा नव्हते.

औषधंही बघावी लागतात. सर्दी-खाजेसाठी घेतो त्या सेट्रिझिनसारख्या गोळ्या, काही मानसिक आजारांच्या गोळ्या, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, यांनी डोळे सुकू शकतात. म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. क्षयरोगाच्या इथॅम्ब्युटॉलचा मात्र कोरडेपणाशी संबंध जोडू नका. ती गोळी चालू असताना नजर धूसर झाली किंवा लाल-हिरव्यातला फरक कळेना झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही आठवडे डोळा कोरडा, टोचरा वाटतो. आजी म्हणते ऑपरेशन बिघडलं. बहुधा तीनेक महिन्यांत कमी होतं. पण ऑपरेशननंतरच्या दिवसांत दुखणं वाढलं आणि दिसणं कमी झालं, तर एक दिवसही थांबायचं नाही.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचा डोळा कोरडा, निस्तेज, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग, अंधारात चाचपडणं, हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं आणि तिथे नजर कायमची जाऊ शकते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सरकारी केंद्रात अ जीवनसत्त्वाचा डोस फुकट मिळतो, एकूण नऊ डोस. गोवराच्या लसीबरोबर पहिला मिळतो आणि मग पुढचे विसरले जातात. कार्ड काढून मोजा. बरोबर अंडी, कलेजी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई.

मोठ्यांना मात्र गाजराच्या रसाने हा त्रास जात नाही. माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सुलांचंही तसंच. अमेरिकेत २०१८ साली ५३५ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर रोज कॅप्सूल घेणारे आणि नुसतं ऑलिव्हचं तेल घेणारे, दोघांनाही जवळपास सारखंच बरं वाटलं. बांगडा, मांदेली जेवणात खा, कॅप्सुलांवर पैसे घालवू नका.

घरी काय करायचं

सगळ्यात गुणकारी आणि फुकट उपाय म्हणजे शेक. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, मग मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. रुमाल मिनिटा-दीड मिनिटात निवतो, पुन्हा बुडवायचा. असं पाच ते दहा मिनिटं. गोठलेलं तेल पातळ होतं. लगेच बोटाच्या पेराने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेने हलकेच चोळायची. बुबुळावर दाब द्यायचा नाही. मग उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पापणीच्या केसांची मुळं पुसायची, तिथला कोंडा आणि चिपडं निघतात. सकाळ-संध्याकाळ. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडून देणारे खूप. ज्यांना वरचेवर रांजणवाडी होते त्यांनी तर हे नक्की करावं.

आसवांसारखे थेंब दुकानात मिळतात, त्यात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज नावाचा घटक असतो. हे सुरक्षित आहेत. जनऔषधी केंद्रात विचारा, स्वस्त पडतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकावे लागले तर टिकवण्याचं रसायन नसलेले मागा, कारण ते रसायनच डोळ्याला टोचू लागतं. खालची पापणी ओढून एकच थेंब. दोन टाकले तर दुसरा गालावर येतो. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख पेनाने तिच्यावर लिहा आणि महिन्याने टाकून द्या, अर्धी उरली तरी. एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही, नवरा-बायकोनेही नाही.

गुलाबजल, मध, तुळशीचा रस, एरंडेल, बाळंतिणीचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालू नका. निर्जंतुक नसलेली गोष्ट जखमी बुबुळावर गेली तर तिथे बुरशी धरते आणि मग बुबुळावर फूल पडतं. डोळ्याच्या आतल्या कडेला काजळ भरल्याने तेलाच्या ग्रंथींची तोंडं बुजतात. सुरम्यात तर शिसं असू शकतं. काजळ घालायचंच तर केसांच्या बाहेरून.

ताईंची बाटली

आता त्या उपासिकेची पुढची हकीकत. डॉक्टरांनी कोरडेपणाचे थेंब दिले होते, पण आराम सावकाश. शेजारणीने सांगितलं, अमुक थेंब आण, एका दिवसात डोळे पांढरेशुभ्र. औषधाच्या दुकानात चिठ्ठी न बघता बाटली मिळाली. खरोखरच आराम पडला. लाली गेली, जळजळ गेली. संपली की नवी आणायच्या. असं दीड वर्षाच्या वर चाललं. मग जिन्यात एका बाजूची पायरी दिसेनाशी झाली, दोनदा पडल्या. तपासलं तर डोळ्यातला दाब वाढलेला, नस सुकायला लागलेली. काचबिंदू. बाटलीत स्टेरॉइड होतं.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वाचवता येते. ताई आता रोज दाबाचे थेंब टाकतात. वाचन अजून करतात, मोठ्या टायपाच्या प्रतीतून, पानाच्या कडेला बोट ठेवून.

स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नसतात, तरी विकले जातात. घरातली बाटली आत्ता उचलून बघा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन यांपैकी नाव असेल आणि ती डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेली नसेल, तर डोळ्यातला दाब तपासून घ्या. डॉक्टरांनी दिलेली असेल तर परस्पर थांबवू नका. नुसती लाली घालवणारे थेंबही रोजच्या वापराचे नाहीत, त्यांची सवय लागली की सोडल्यावर लाली दुप्पट येते.

डोळा खूप दुखत असेल, उजेड सोसत नसेल, नजर कमी झाली असेल, पिवळा-हिरवा घट्ट स्राव येत असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, किंवा त्रास एकाच डोळ्याला असेल, तर हा कोरडेपणा समजून घरी बसू नका. तंबाखूचा चुना डोळ्यात उडाला तर आधी नळाखाली वीस-पंचवीस मिनिटं धुवा, मगच टॅक्सी शोधा.

परळला के.ई.एम., मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जे.जे., शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय, या सगळीकडे डोळ्यांची ओपीडी आहे. कामाठीपुऱ्यात महापालिकेचं खास डोळ्यांचं रुग्णालय आहे. आधी 'आपला दवाखाना'मध्ये दाखवून चिठ्ठी घेतलीत तरी चालेल. सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. कोरडेपणा तपासताना खालच्या पापणीत पाच मिनिटं कागदाची बारीक पट्टी ठेवतात आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. कधी पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात आसवांचा थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात. दुखत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले तर चार-पाच तास जवळचं दिसत नाही, म्हणून सोबत कोणीतरी न्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, डोळ्यांच्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा. ताईंनी ती रिकामी बाटली फेकली नव्हती, म्हणून डॉक्टरांना कारण पाच मिनिटांत कळलं.